वायच दम खा, मगे पी!

मे महिन्यातली दुपार. मालवण तालुक्यातल्या धामापूरच्या तळ्याच्या बांधावरून चालत आम्ही एका ओळखीच्या घरी पोचलो. सदरे अंगाला चिकटलेले, घशाला कोरड. ओटीवर टेकायच्या आधीच आमच्यातल्या एकानं तांब्याकडे हात नेला, तशा घरातल्या आजी म्हणाल्या, "वायच दम खा, मगे पी."

दम खाल्ला. पाचेक मिनिटांनी कोकम सरबताचे पेले आले. ते घोट घोट पीत असताना शेजारचे एक गृहस्थ येऊन बसले आणि कोकमाचे गुण सांगू लागले. कोकम पित्त शमवतं, चरबी झडवतं, रक्त शुद्ध करतं. बोलता बोलता त्यांनी सांगून टाकलं की ब्लडप्रेशरच्या गोळ्या त्यांनी महिन्यापूर्वीच सोडल्या. त्याऐवजी ते रोज दोन पेले आगळ पाण्यात घालून घेतात. "निसर्गाचं औषध. अपाय कसला?"

परतताना आमच्या डोक्यात दोन्ही वाक्यं घोळत होती. आजींचं आणि त्या गृहस्थांचं. दोन्ही एकाच ओटीवर, एकाच पेल्याबद्दल, तितक्याच खात्रीनं सांगितलेली. पण दोन्हींना सारखाच आधार आहे का? वर्गात मुलं घरून अशी कितीतरी वाक्यं घेऊन येतात. ती नुसती हसण्यावारी न्यायची नाहीत आणि तशीच मान्यही करायची नाहीत, तर काय करायचं? या पेल्याच्या निमित्तानं आपण ते पाहू.

बरणीत काय घडतं?

कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. सिंधुदुर्गात त्याच्या फळाला रातांबा किंवा भिरंड म्हणतात. फळं उन्हाळ्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत पिकतात. बिया काढून सालं वाळवली, पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवली, की आमसुलं होतात. त्यांनाच इथं सोलं म्हणतात आणि सोलकढीचं नाव त्यांच्यावरूनच आलं आहे. रसात मीठ घालून टिकवला की आगळ तयार होतो. बियांपासून भिरंडेल निघतं. ते थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात.

सरबतासाठी ताज्या सालींच्या वाट्या साखरेनं भरून बरणीत रचतात. साखर सालींच्या साधारण दुप्पट. बरणी आठवडाभर उन्हात ठेवली की पाण्याचा एक थेंबही न घालता ती लालभडक रसानं भरते. हे पाणी आलं कुठून? सालीच्या पेशींतून. बाहेर साखरेचं प्रमाण जास्त आणि पेशीत कमी असल्यामुळे पेशीतलं पाणी बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. हेच परासरण. त्याच कारणानं या गोड रसात किंवा खारट आगळात जंतू सहज वाढत नाहीत, कारण त्यांच्याही पेशींतलं पाणी असंच ओढलं जातं. बटाट्याच्या कापात मीठ घालून परासरण शिकवतो, तसं ते या बरणीतूनही शिकवता येईल.

रंगाचाही प्रयोग करता येतो. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या गटातल्या रंगद्रव्यांचा असतो. दोन आमसुलं वाटीभर पाण्यात तासभर भिजवा आणि ते पाणी तीन पेल्यांत वाटून घ्या. एक तसाच ठेवा. दुसऱ्यात लिंबू पिळा, तिसऱ्यात खाण्याचा सोडा चिमटी चिमटीनं घाला. फेस येईल. तो ओसरला की तिसऱ्या पेल्यातला लाल रंग जाऊन जांभळट, मग निळसर-हिरवट छटा येताना दिसेल. लिटमस कागद संपले असतील तरी आम्ल-अल्कलीचा पाठ अडणार नाही. आगळ चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीतच का ठेवतात, हेही मुलांना विचारा. एवढं आम्ल तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवलं तर धातू त्यात उतरेल.

पेला 'थंड' असतो म्हणजे काय?

कोकम थंड असतं, असं सगळेच म्हणतात. हिशोब करून पाहू. माठातलं पाणी २७ अंश सेल्सियसचं धरलं, तर २०० मिलिलिटरचा पेला शरीराच्या ३७ अंशांपर्यंत तापायला २ किलोकॅलरी उष्णता घेतो. पण तेच पाणी घाम होऊन त्वचेवरून पूर्ण वाळलं तर? एक ग्रॅम घामाच्या बाष्पीभवनाला सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे २०० ग्रॅमला सुमारे ११६ किलोकॅलरी. पेल्याच्या गारव्यापेक्षा हा आकडा जवळजवळ साठ पट आहे! थंडावा मुख्यतः त्वचेवर तयार होतो. पेला फक्त त्यासाठी लागणारं पाणी पुरवतो.

इथं कोकणातली अडचण लक्षात घ्यायला हवी. हवेत आधीच भरपूर बाष्प, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो. ठिबकलेला घाम थंडावा देत नाही. म्हणून सावली आणि वारा या दोन गोष्टी सरबताइतक्याच महत्त्वाच्या. उघडी ओटी, झाडांची सावली, तळ्यावरून येणारा वारा हे त्या पेल्याचे जोडीदार आहेत. धामापूरचं तळं इ. स. १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या मदतीनं बांधलं, असं सांगतात. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगानं त्याला जागतिक वारसा सिंचन रचना म्हणून मान दिला. भगवती मंदिराजवळ पाण्याकाठी पाच मिनिटं बसलं, की घाम वाळतो म्हणजे काय ते कातडीलाच कळतं.

मीठ, साखर आणि आतडं

घामाबरोबर मीठही जातं. सरबतात चिमूटभर मीठ घालतात ते केवळ चवीसाठी नाही. लहान आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात ते सोडियमच्या जोडीनं आणि त्या दोघांमागून पाणी आत येतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ही जोडी मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी बनगावला साखर-मिठाचं पाणी तोंडानं पाजून असंख्य माणसं वाचवली.

मग कोकम सरबत म्हणजे घरगुती जलसंजीवनीच का? नाही. जलसंजीवनीत एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असतं. म्हणजे पेल्यामागे साखर जेमतेम सव्वा चमचा. आपल्या सरबताच्या पेल्यात सहज चार-पाच चमचे असते. एवढं गोड पाणी जुलाब होणाऱ्याच्या आतड्यात गेलं, तर बरणीत सालीचं झालं तेच आतड्याचं होतं. पाणी उलट बाहेर ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात. म्हणून उन्हातून आलेल्या निरोगी माणसाला सरबत, जुलाब होणाऱ्याला मात्र मापाची जलसंजीवनी. उन्हानं शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात तर काहीच घालायचं नाही. त्याला सावलीत न्यायचं, अंग ओलं करून वारा घालायचा आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा.

दम का खायचा?

आता आजींच्या वाक्याचा पहिला भाग. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांचा घशातला रस्ता सामाईक आहे. गिळताना श्वास क्षणभर थांबावा लागतो. धापा टाकणाऱ्याला तेवढी उसंत नसते, म्हणून ठसका लागतो. दम खाऊन प्यायला सांगण्यात हे एक साधं शहाणपण आहे.

दुसरी गोष्ट नाडीवरून कळते. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना किंचित मंद. कार्ल लुडविग यांनी १८४७ साली हे नोंदवलं होतं. हृदयाला मंद करणाऱ्या व्हेगस या चेताचा प्रभाव श्वास सोडताना वाढतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की त्या मंद होण्याला जास्त वेळ मिळतो. आसन-प्राणायामाची अशी मोजमापं आपल्याकडेच सुरू झाली होती. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि क्ष-किरणं व दाबमापकं वापरून यौगिक क्रियांत शरीरात काय घडतं ते तपासायला घेतलं. २००१ साली इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर पाहिलं की लॅटिनमधली जपमाळ म्हणा किंवा 'ओम् मणि पद्मे हुम्' म्हणा, दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो. रक्तदाबातले आपोआप होणारे बारीक चढउतारही साधारण दहा सेकंदांचे असतात. दोघांची लय जुळली, की रक्तदाब सावरणारी शरीरातली यंत्रणा अधिक तत्परतेनं काम करते, असं त्यांना दिसलं.

हे वर्गात करून पाहायला खर्च शून्य. मुलांनी जागच्या जागी दोन मिनिटं धावावं आणि बसून पंधरा सेकंद नाडी मोजून चारानं गुणावं. नंतर एक, दोन आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावं. अर्ध्या वर्गानं या काळात नुसतं बसावं. उरलेल्या अर्ध्यानं बसूनच, चार अंक मोजत श्वास घेत हात सावकाश वर न्यावेत आणि सहा अंक मोजत सोडत खाली आणावेत. मोजण्याच्या वेळी तेवढे हात खाली. लक्ष फक्त हातांच्या आणि श्वासाच्या जोडीवर. श्वास कोंडायचा नाही, चक्कर आली तर थांबायचं, दमा असलेल्यांनी फक्त नोंदी ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी गटांची अदलाबदल करा, म्हणजे एखाद्या गटात खेळाडूच जास्त होते ही शंका उरणार नाही. नाड्यांचे आलेख फळ्यावर काढा. फरक दिसेल किंवा दिसणार नाही. जे दिसेल तेच लिहा.

आणि ते गृहस्थ?

कोकमाच्या जातभाईंत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं, हे १९६५ साली म्हैसूरच्या संशोधकांनी दाखवलं. चरबी तयार करणाऱ्या एका विकराला ते प्रयोगशाळेत अडवतं, हेही खरं. त्यावरून वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. पण १९९८ साली अमेरिकेत १३५ जाड व्यक्तींवर बारा आठवडे चाचणी झाली. निम्म्यांना हे आम्ल असलेला अर्क, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. वजनात लक्षणीय फरक पडला नाही.

'निसर्गाचं, म्हणून निर्धोक' हेही तपासून घ्यावं लागतं. करोनाच्या साथीत घरोघर गुळवेलीचे काढे उकळले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयानं या निष्कर्षावर आक्षेप घेतला. पुढे २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांच्या एकत्रित पाहणीत आणखी रुग्ण समोर आले. वनस्पतीत शरीरावर परिणाम करणारी रसायनं असतात, म्हणूनच तर तिचं औषध होऊ शकतं. आणि परिणाम करणारं रसायन अपायही करू शकतं.

आमच्या गृहस्थांचं कोडं याहून सोपं होतं. आगळ टिकतो तो मिठामुळे. उच्च रक्तदाबाच्या माणसानं गोळ्या सोडून रोज मिठाचं पाणी प्यायचं, म्हणजे आगीवर तेलच. आम्ही त्यांना एवढंच विचारलं, "बरणीत मीठ किती घालता?" ते आजींकडे बघू लागले. आजींनी हाताची ओंजळ करून दाखवली. मग दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्यायचं ठरलं.

मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा: 'करून पाहिलं', 'वाचलं', 'नुसतं ऐकलं'. घरातली पेयं, काढे, उपवास, व्यायाम यांबद्दलचं प्रत्येक वाक्य त्यांतल्या एकात बसवायचं. कोकमाचा बदलणारा रंग आणि मंदावणारी नाडी पहिल्या रकान्यात जातील, १३५ जणांची चाचणी दुसऱ्यात. 'रक्त शुद्ध होतं' हे वाक्य सध्या तिसऱ्यात राहील आणि तिथून हलायचं असेल तर काय मोजावं लागेल, यावर एक तास छान चर्चा होईल.

सरबताचा पेला आणि पाच मिनिटांची विश्रांती यांची किंमत यानं कमी होत नाही. तहान भागते, घाम वाळतो, धाप थांबते, शेजारी बसलेल्या माणसाशी चार शब्द होतात. उन्हाळ्याच्या दुपारी एवढं पुष्कळ आहे. त्याला औषध म्हणायची गरज नाही.