गोड्या पाण्यातले शिकारी (९) : गरी ओळखणारा पाईक

ब्रिस्टलजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आज घ्यायलाच हवा. ते विचारतात, 'आमच्याकडे पाईक मासे पकडून पुन्हा पाण्यात सोडतात, खात कुणीच नाही. मग गरवणाऱ्यांची गर्दी वाढली की मोठे पाईक दिसेनासे का होतात?'

वेल्समधल्या लँडेगवेथ धरणाचं उदाहरण घ्या. हे ट्राउटसाठी राखलेलं पाणी. तिथले पाईक वर्षानुवर्षं ट्राउट खाऊन पोसलेले, आणि पाईकसाठी टाकलेल्या गरीशी त्यांची फारशी ओळखच नव्हती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते पाईक गरवणाऱ्यांना खुलं झालं. १९९० मध्ये रग्बीपटू गॅरेथ एडवर्ड्स यांनी तिथे ४५ पौंड ६ औंसांचा, म्हणजे साडेवीस किलोंचा पाईक काढला. १९९२ मध्ये रॉय लुईस यांनी ४६ पौंड १३ औंसांचा काढला. ब्रिटनचा तो विक्रम मोडायला २०२४ साल उजाडलं. नवा मासा ४७ पौंड ५ औंसांचा, आणि तो मिळाला पत्रलेखकांच्या शेजारच्या च्यू व्हॅलीत. तेही ट्राउटचंच पाणी!

नव्याने खुल्या झालेल्या पाण्याचे पहिले हंगाम भरभरून देतात, मग ओघ आटतो. लोक म्हणतात, मासे संपले. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. उरलेले मासे शहाणे झालेले असतात.

बॉयकेमा या डच संशोधकाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाचे वाटतात. तळ्यांतल्या पाईकना त्याने दोन तऱ्हांनी गरवलं: पाण्यात फिरणाऱ्या चकचकीत धातूच्या स्पिनरने आणि खऱ्या माशाच्या आमिषाने. स्पिनरला एकदा लागलेला पाईक पुन्हा स्पिनरला सहसा फसेना. खऱ्या माशावर मात्र तोच पाईक आधी अडकलेला असूनही झेप घेई. आपल्या रोजच्या भक्ष्याचा संशय त्याने धरावा तरी कसा?

आता यातली मेख पाहा. स्पिनर चालेनासा झाला की गरवणारे आमिषाकडे वळतात. ब्रिटनमध्ये मॅकरेल, हेरिंग असे मेलेले समुद्री मासे सर्रास लावतात. स्पिनर बहुधा जबड्यात अडकतो, पण आमिष पाईक गिळतो. झटका द्यायला उशीर झाला की तिहेरी गरी घशात, कधी त्याहून खोल जाते. ती उपसताना कल्ले फाटले, तर सोडलेला मासा पोहत गेलेला दिसतो आणि पुढे मरतो. त्याची नोंद कुठेच होत नाही. म्हणजे माशाने एक धोका ओळखला की माणूस त्याच्यापुढे जास्त घातक धोका ठेवतो. गर्दीच्या पाण्यात एकाच माशाच्या नशिबी हे पुन्हा पुन्हा येतं.

त्यात बंदिस्त तळ्याची अडचण वेगळी. नदीत वरून-खालून नवे मासे येऊ शकतात, इथे तशी वाट नसते. खूप मोठे पाईक म्हणजे जवळजवळ सगळ्या माद्याच, आणि त्या आकाराला पोचायला दहाएक वर्षं सहज जातात. शिवाय मोठे पाईक लहान पाईकना खातात. मोठे गेले की लहान्यांचं फावतं, आणि तळं हातभर पिल्लांनी भरून जातं. मासे 'भरपूर' लागतात, मोठा एकही लागत नाही.

तेव्हा पत्रलेखकांना आणि तिकडे गरवणाऱ्या सर्वांनाच विनंती: दोर हलला की लगेच झटका द्या. गरी काढायला लांब चिमटा आणि मासा ठेवायला ओली गादी जवळ असल्याशिवाय गरी पाण्यात टाकू नका. आणि उन्हाळ्यात, पाणी तापून त्यातला प्राणवायू कमी झाला की पाईकच्या वाटेला जाऊच नका.