२५ मिनिटांत मुंबई... पण पास चालेल का?

सकाळी सहाला सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यवर दोन प्रकारची पब्लिक भेटते. अभ्यासिकेत जागा पकडायला निघालेली आणि डेक्कन क्वीन पकडायला धावणारी. माझी रूममेट सध्या दुसऱ्या गटात. मुंबईत इंटर्नशिप मिळालीय, पण तिथलं भाडं परवडत नाही. मग जायला सव्वातीन तास, यायला तेवढेच.

'हायपरलूप असता ना, तर मी आत्ता झोपलेली असते,' ती चहा फुंकत म्हणाली.

आठवतंय? फेब्रुवारी २०१८. आम्ही नववीत होतो. राज्य सरकारने व्हर्जिन हायपरलूप वन कंपनीशी करार केला आणि 'पुणे-मुंबई २५ मिनिटांत' ही बातमी घराघरांत पोचली. हवा जवळपास काढून टाकलेली नळी आणि तिच्यात चुंबकाच्या जोरावर तरंगत पळणारा डबा! नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात ५०० मीटरच्या नळीत माणसं बसवून चाचणी झाली. पहिल्या फेरीत वेग ताशी १७२ किलोमीटर. पुढच्या फेरीत आपल्या पुण्याचा तनय मांजरेकरही बसला. पण २०२३ संपताना कंपनीच बंद पडली.

मग तरंगणारी ट्रेन ही नुसती थाप? अजिबात नाही. शांघायची मॅग्लेव्ह विमानतळापासूनचे ३० किलोमीटर साधारण आठ मिनिटांत कापते. जपानी मॅग्लेव्हने २०१५ मध्ये चाचणीत ताशी ६०३ किलोमीटर गाठले. गोची एकच, ती आपल्या रुळांवर चालत नाही. सगळा मार्ग नव्याने बांधायचा.

बुलेट ट्रेन रुळांवरच धावते, पण तिलाही स्वतंत्र मार्ग लागतो. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या मार्गाचं भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये झालं. मुंबई-पुणे-हैदराबाद हा ७११ किलोमीटरचा मार्गही नियोजनात आहे. पण मध्ये बोरघाट उभा आहे! तिथला चढ इतका, की मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. वेगवान गाडीला तिथे बोगदेच हवेत. म्हणजे खर्च आला आणि खर्च आला की तिकीटही चढणार.

हे सगळं मी रूममेटला सांगितलं. तिने कप ठेवला, बॅग उचलली.

'मिनिटं राहू दे गं. त्यात महिन्याचा पास चालेल का, तेवढं विचार.'