आधी इंजिन, मग नळ!

नागावच्या किनाऱ्यावर, एका शेडमागे ती ताडपत्रीखाली पडून होती. यामाहाची जुनी टू-स्ट्रोक. ‘जेट स्की’ हे खरं तर कावासाकीचं, १९७३चं नाव. पण आपल्याकडे सगळ्या जेट स्कीच! भंगाराच्या भावात घेतली, टेम्पोत घातली आणि पनवेलला आमच्या अंगणात उतरवली. रिटायर झाल्यापासून गप्प गप्प असलेले बाबा एवढंच म्हणाले, “चालते का?”

तीन वीकेंड कार्ब्युरेटरने खाल्ले. आत पेट्रोलचा अक्षरशः डिंक झालेला. पेट्रोलच्या नळ्या बोटांत तुटत होत्या. त्या तशाच ठेवून स्टार्टर मारला असता, तर बंद हलमध्ये साचलेल्या वाफेचा भडकाच! कॉम्प्रेशन मात्र दोन्ही सिलिंडरना १२० पीएसआयच्या वर. हुश्श!

चौथ्या रविवारी बाई बोलल्या. आनंदाच्या भरात मी इंजिन बंद केलं, नळ तसाच चालू. झालं! थंड ठेवायला जोडलेलं पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये. आधी इंजिन, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन, एवढं साधं!

बाबांनी न बोलता प्लगपाना पुढे केला. प्लग काढले, वायरी अर्थ केल्या, स्टार्टर मारला... कारंजं! बाबा नखशिखांत भिजले.

“लाइफ जॅकेट दोन आण,” चष्मा पुसत ते म्हणाले.