ट्रॅक्टरची गार्ड : कोणती घ्यावीत, कशी बसवावीत



नवा ट्रॅक्टर दारात आला की पूजा होते, नारळ फुटतो आणि दुसऱ्याच दिवशी मालक गाठतो सजावटीचे दुकान. पुढे जाडजूड बंपर, दिव्यांना जाळी, डोक्यावर छत. या खर्चाला आमची हरकत नाही. बंपरमुळे बांधाला किंवा झाडाला धडकल्यावर रेडिएटर वाचतो. पण ही बहुतेक गार्ड ट्रॅक्टरला जपणारी आहेत. चालवणाऱ्याला आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला जपणारी गार्ड वेगळी. त्यांतली काही तर ट्रॅक्टर व अवजाराबरोबर मिळालेली असतात आणि पहिल्याच हंगामात काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकलेली असतात.

येरवड्याच्या बाजूला आता शेती थोडीच उरली. खुल्या कारागृहाची शेती सोडली तर नांगर चालेल असे रान शोधावे लागते. पण नगर रस्त्याने वाघोली, लोणीकंद ओलांडून पुढे गेले की वस्तीवस्तीवर ट्रॅक्टर आहे. कुणी रोटाव्हेटर चालवतो, कुणी मळणीला जातो, आणि काम नसले की तोच ट्रॅक्टर शहराकडे भाड्याने येऊन पाण्याचा टँकर ओढतो. रानात रोटाव्हेटर असो की वस्तीत टँकरचा पंप असो, दोन्ही फिरतात ते मागच्या पी.टी.ओ. शाफ्टवर. म्हणून आधी शाफ्टचेच बोलू.

पी.टी.ओ.चा नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. शाफ्टच्या टोकाला जो क्रॉसचा जोड असतो तो साधारण ४ इंच व्यासाचा धरा. त्याचा घेर झाला सुमारे १ फूट. कपड्याचे टोक त्यात अडकले तर एका सेकंदाला ९ फूट कापड गुंडाळले जाते. नऊवारी लुगडे २७ फुटांचे. हिशेब तुम्हीच करा, ३ सेकंद. तेवढ्यात क्लच दाबायला कुणी सीटवर पोचत नाही. धोतराचा सोगा, उपरणे, ओढणी, मुलींच्या वेण्या, सैल शर्टाची बाही, सगळ्यांना हाच हिशेब लागू. शाफ्ट गुळगुळीत दिसतो म्हणून फसू नका. त्याला चिकटलेला चिखल, ग्रीस किंवा जोडातल्या पिनेच्या जागी ठोकलेला लांब बोल्ट कापड धरायला पुरेसा होतो. मूळ पिन हरवली असेल तर तशीच पिन आणून लावा. बाहेर डोके काढणारा बोल्ट लावू नका.

या शाफ्टला दोन गार्ड लागतात. पहिले ट्रॅक्टरला बसलेले असते. पी.टी.ओ.च्या टोकावर वरून आणि दोन्ही बाजूंनी झाकणारे पत्र्याचे कवच. अवजार जोडताना हात नीट जात नाही म्हणून ते काढतात, किंवा त्यावर पाय देऊन चढल्याने ते वाकते. वाकलेले सरळ करून घ्यावे, मोडले असेल तर ट्रॅक्टरचे मॉडेल सांगून तेच मागवावे. त्याशिवाय पी.टी.ओ. वापरात नसताना टोकावर घालायची टोपी असते. ती टोपी अवजार जोडण्याच्या दिवशी खिशात जाते आणि तेथून कायमची नाहीशी होते. तिच्यासाठी टूलबॉक्समध्ये जागा ठरवून ठेवा.

दुसरे गार्ड शाफ्टवरचे. हे प्लास्टिकचे असते, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या आणि दोन्ही टोकांना जोड झाकणारे कर्ण्याच्या आकाराचे तोंड. आत शाफ्ट फिरतो आणि बाहेरची नळी स्थिर राहते, ही यातली खुबी. हे विकत घेताना दुकानात नुसते “रोटाव्हेटरचे गार्ड द्या” म्हणू नका. शाफ्टच सोबत न्या. तो नेणे जमत नसेल तर चार गोष्टी कागदावर लिहून न्या : शाफ्ट पूर्ण मिटवल्यावर एका क्रॉसच्या मध्यापासून दुसऱ्या क्रॉसच्या मध्यापर्यंतची लांबी, क्रॉसच्या कपाचा व्यास, आतल्या नळीचा आकार (चौकोनी, त्रिकोणी की लिंबासारखा) आणि ट्रॅक्टरकडच्या टोकाला किती खाचा आहेत ते. ५४० फेऱ्यांच्या शाफ्टला बहुधा ६ खाचा आणि ३५ मि.मी. व्यास असतो. कपाचे माप चुकले की तोंड जोडावर घासते, तापते आणि फुटते. मग “प्लास्टिक टिकतच नाही” असा बोल त्या गार्डला लागतो.

बसवण्याचे काम तासाभराचे आहे. इंजिन बंद, चावी स्वतःच्या खिशात, अवजार जमिनीवर टेकलेले, मगच हात घाला. गार्डच्या टोकाशी असलेली प्लास्टिकची कडी शाफ्टवरच्या खाचेत नीट बसली पाहिजे. त्या खाचेला आधी ग्रीस लावा. मग अवजार जोडून लिफ्टने सावकाश वर घ्या आणि खाली सोडा. प्रत्येक जागी इंजिन बंद करून, खाली उतरून बघा. शाफ्ट सगळ्यात आखूड होतो तिथे नळ्यांची टोके समोर टेकता कामा नयेत, एखाद इंच तरी मोकळा हवा. सगळ्यात लांब होतो तिथे नळीची निदान एक-तृतीयांश लांबी एकमेकींत राहिली पाहिजे. शाफ्ट लांब पडत असेल तर लोखंडी नळ्या आणि प्लास्टिकच्या नळ्या सारख्याच मापाने कापाव्यात व कडा कानसाने घासून घ्याव्यात.

आता साखळ्या. गार्डच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक साखळी असते. ती कशासाठी, हे अनेकांना ठाऊक नसते, म्हणून ती लोंबत राहते किंवा तोडून टाकली जाते. ही साखळी ट्रॅक्टरच्या आणि अवजाराच्या न हलणाऱ्या भागाला अडकवायची, म्हणजे बाहेरची नळी शाफ्टबरोबर फिरत नाही. वळताना ताण येणार नाही एवढी ढिली ठेवा, पण शाफ्टला गुंडाळेल इतकी नको. साखळी नसेल तर गार्ड शाफ्टबरोबरच गरगर फिरते. तसले गार्ड असून नसून सारखे! अवजार सोडल्यावर शाफ्ट टांगायला मात्र ही साखळी वापरू नका. ती त्या वजनाची नाही.

गार्ड चांगले आहे की नाही याची परीक्षा सोपी. इंजिन बंद असताना, साखळी सोडून, नळी हाताने फिरवून पाहा. सहज फिरली तर ठीक. अडली तर कडी झिजली आहे किंवा ग्रीस संपले आहे. हंगामात दर आठवड्याला एवढे पाहावे. तडा गेलेल्या नळीला तार गुंडाळून काम भागवू नये, कारण त्या तारेचे टोकही कापड धरते.

रोटाव्हेटरची मागची फळी आणि बाजूचे चेन-कव्हर हीही गार्डच आहेत. माती नीट फुटत नाही म्हणून फळी वर बांधून ठेवणारे आहेत आणि वजन वाढावे म्हणून रोटाव्हेटरवर माणूस उभा करणारेही आहेत. खोली वाढवायची तर बाजूच्या स्किडचे माप बदला, गियर कमी करा. माणूस हे वजन नव्हे.

इंजिनाच्या बाजूला पंख्याची जाळी आहे ना, हे पाहा. पट्टा बदलताना मेकॅनिक ती काढतो आणि दोन बोल्टांच्या आळसापायी ती गॅरेजातच राहते. रेडिएटरपुढे हौसेने बारीक जाळी लावली असेल तर मळणीच्या दिवसांत तिच्यावर भुसा बसतो व इंजिन तापते. दर दोन-तीन तासांनी, इंजिन बंद करून, ती झाडावी.

दुसरा मोठा धोका ट्रॅक्टर उलटण्याचा. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर जोर देऊन काढताना, किंवा ओढ हुकाऐवजी वरच्या जागी बांधली असताना, पुढची चाके उचलतात. तेथून मागे उलटायला दीड सेकंदही लागत नाही. उडी मारू, हा समज सोडा. यासाठी सीटमागे मजबूत लोखंडी कमान बसवतात. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरना तिची सक्ती १९५९ सालीच केली. आपल्याकडे सावलीसाठी लावलेले छत म्हणजे ही कमान नव्हे. बारीक पाइपांचे छत ट्रॅक्टरखाली काडीसारखे मोडते. कमान घ्यायची तर ट्रॅक्टरच्या कंपनीची, त्याच मॉडेलची, चाचणी झालेली घ्यावी. गावच्या वेल्डरकडून करून घेऊ नये, आणि असलेल्या कमानीला झेंडा किंवा स्पीकर बसवायला भोकेही पाडू नयेत. कमान असेल तर सीटबेल्ट बांधलाच पाहिजे, नाहीतर उलटताना तुम्ही बाहेर फेकले जाऊन कमानीखालीच सापडाल. कमान नसेल तर बेल्ट बांधू नये. द्राक्ष, डाळिंबाच्या बागेत घडीची कमान सोयीची. ती मिटवलेली असेल तेवढा वेळ बेल्ट सोडावा आणि बागेबाहेर येताच दोन्ही पुन्हा लावावे.

मळणी यंत्राबाबत कायदाच आहे, १९८३ सालचा धोकादायक यंत्रे नियमन कायदा. यंत्र घेताना पेंढी सरकवण्याची घसरंडी मोजा. ती निदान ९० सें.मी. लांब असावी आणि ड्रमकडचा निदान ४५ सें.मी. भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचत नाही. जुन्या यंत्राची घसरंडी आखूड असेल तर ती फॅब्रिकेशनवाल्याकडून वाढवून घेता येते. मोटारीवरच्या कडबाकुट्टीच्या पट्ट्यालाही तोच कव्हर करून देईल. पत्र्याचे केले तर उत्तम. जाळीचे केल्यास भोक अर्ध्या इंचाहून मोठे नको आणि जाळी पट्ट्यापासून ४ इंच तरी दूर हवी. बोल्ट मात्र पान्यानेच निघतील असे लावून घ्या. हाताने निघणारे कव्हर मुले खेळताखेळता काढतात.