बाण दिसत नाही म्हणजे माउस गेला असं नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला. चांगला चालणारा लॅपटॉप भंगारात घालायला जीव होत नाही, म्हणून त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घेणारे जळगाव-धुळ्यातही आहेत. मशीन पळायला लागतं आणि मग एके दिवशी झाकण बंद करून परत उघडलं की पडद्यावर सगळं जागच्या जागी असतं, फक्त माउसचा बाण नसतो. लगेच सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं टचपॅड गेलं, कुणी म्हणतं व्हायरस शिरला. आणि हुकमी वाक्य ठरलेलं: "भाऊ, फॉरमॅट मारावं लागेल."

आधी टचपॅडचं बघू. बाण हलत नाही आणि बाण दिसत नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. टचपॅड बंद पडलं तर बाण सहसा एका जागी थिजतो, नाहीसा होत नाही. टचपॅडवर बोट फिरवत पडद्याच्या खालच्या पट्टीवर नेऊन बघा. एखादं चिन्ह उजळलं किंवा त्याचं नाव छोट्या चौकटीत उमटलं, तर टचपॅड शाबूत आहे. बाण तिथेच आहे, फक्त रंगवला जात नाही. काहीच उजळलं नाही, तर एफएन बटणासोबत टचपॅडचं चित्र असलेली कळ चुकून दाबली गेली का ते बघा, आणि यूएसबी माउस लावून खात्री करा.

बाण रंगवला जात नाही म्हणजे काय, हे कळलं की निम्मी भीती जाते. खिडक्या, चित्रं, अक्षरं हे सगळं पडद्याच्या एका थरावर असतं. बाण मात्र बहुतेक ग्राफिक्स चिप वेगळ्या थरावर ठेवतात, म्हणजे तो हलला की मागचं चित्र पुन्हा काढावं लागत नाही. याला हार्डवेअर कर्सर म्हणतात. झोपेतून उठताना ड्रायव्हरने हा थर नीट चालू केला नाही, की बाकी सगळं दिसतं आणि बाण तेवढा गायब. याची परीक्षा घरीच होते. स्क्रीनशॉटच्या प्रोग्रॅममध्ये 'पॉइंटरही घ्या' अशा अर्थाचा पर्याय असतो. टॅब आणि स्पेस बार वापरून तो निवडा. स्क्रीनशॉटमध्ये बाण आला आणि पडद्यावर नाही, तर दोष त्या थराचाच समजा.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावं लागतं. काळा पडदा येऊन लॉगिन विचारेल. घाबरू नका, उघडलेलं काम मागे तसंच आहे. आता मिंटवर कंट्रोल-ऑल्ट-एफ७ आणि उबुंटूवर बहुधा एफ२ दाबून परत या. पडदा नव्याने मांडला जातो आणि पुष्कळदा बाणही परततो.

ऊन बाधलं, हा आपल्याकडचा खास निदानप्रकार. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा धुळीने भरलेला पंखा आणि तापलेलं मशीन ही खरी काळजी आहेच. पण उष्णतेने लॅपटॉप मंदावतो, अचानक बंद पडतो किंवा पडद्यावर रेघा येतात. ऊन नेमकं बाणालाच शोधून काढत नाही! व्हायरसचा संशयही सोडून द्या.

एक गमतीचा प्रकार जुन्या इंटेल ग्राफिक्समध्ये आढळतो. टीव्हीला जोडायची सोय चिपमध्ये असते, तिला काहीच जोडलेलं नसतं, तरी यंत्रणेला वाटतं की दुसरा पडदा आहे. बाण कडेवरून त्या नसलेल्या पडद्यावर निघून जातो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दोन पडदे दिसले, तर दुसरा बंद करा. कॉलेजात प्रोजेक्टर काढून घेतल्यावरही असं होऊ शकतं. आणि व्हिडिओ पूर्ण पडद्यावर चालू असताना व्हीएलसी बाण मुद्दाम लपवतो, तो बिघाड नव्हे.

"नवी आवृत्ती टाका, सुटेल" हा सल्ला अर्धाच खरा. जुन्या चिपवर कधी नव्या कर्नलमुळेच (लिनक्सच्या गाभ्यामुळेच) त्रास सुरू होतो. अपडेटनंतर बाण जायला लागला असेल, तर सुरू होतानाच्या ग्रब यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडून आधीचा कर्नल चालवून बघा.

तरीही रोजची कटकट असेल, तर बाण त्या वेगळ्या थरावर न ठेवता बाकी चित्रासोबतच रंगवायला सांगता येतं. त्यासाठी एक्सऑर्गच्या, म्हणजे पडद्यावर चित्र मांडणाऱ्या यंत्रणेच्या, कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, डिव्हाइस विभागात, रेडिऑन आणि मोडसेटिंग ड्रायव्हरसाठी 'एसडब्ल्यूकर्सर' हा पर्याय चालू करतात. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला 'एचडब्ल्यूकर्सर' बंद करायला सांगतात. मात्र हे एक्सऑर्गवरच चालतं, वेलँड या तिच्या नव्या पर्यायावर नाही. उबुंटू २२.०४ असेल, तर लॉगिनच्या वेळी गिअरच्या चिन्हातून 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' निवडावं लागेल. बाण क्वचित लुकलुकतो, प्रोसेसरवर किंचित भार पडतो, एवढीच किंमत. फाइलमध्ये चूक होऊन पडदा काळाच राहिला, तर त्याच एफ३ च्या पडद्यावर लॉगिन करून ती फाइल काढून टाका आणि मशीन पुन्हा सुरू करा.

यातल्या एकाही उपायात तुमच्या फोटोंना किंवा कागदपत्रांना हात लागत नाही. दुकानदार फॉरमॅटचं बोलला, तर आधी हे करून बघायला सांगा.