हलकी बॅटरी : बचत दीड चमचा पेट्रोलची, जोखीम घाटातली

हिर्डोशी (ता. भोर) : पुण्याहून भोरमार्गे महाडकडे जाणारा रस्ता नीरा देवघर धरणाच्या जलाशयाच्या काठाने हिर्डोशीकडे येतो आणि पुढे वरंध घाटात शिरतो. वळणे अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि पावसाळ्यात सर्वत्र धुके. अशा रस्त्यावर मोटार जितकी हलकी तितकी बरी, हे कोणत्याही चालकाला सहज पटते. त्यामुळेच मोटारीचे वजन घटविण्याचा सोपा उपाय म्हणून लिथियमच्या हलक्या बॅटरीकडे हौशी मोटारचालकांचे लक्ष वळते. बॉनेट उघडायचे, शिशाची जड बॅटरी काढायची आणि तिच्या जागी एक तृतीयांश वजनाची नवी बसवायची, की काम झाले, असा समज असतो. या अदलाबदलीतून नेमके काय मिळते आणि काय गमवावे लागते, याचा हिशेब मांडला, की चित्र बरेच वेगळे दिसते.

बॅटरी जड का असते?

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा पुन्हा भारित करता येणारी बॅटरी तयार केली. आजही बहुसंख्य मोटारींच्या बॉनेटखाली तिचेच सुधारित रूप असते. प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा कप्पे एकापुढे एक जोडून १२.६ व्होल्ट मिळतात. शिसे हा अत्यंत जड धातू असल्याने बॅटरीच्या वजनातील निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच असतो. लहान पेट्रोल मोटारीतील बॅटरी साधारण १० किलोची, तर मोठ्या डिझेल मोटारीतील १५ ते १८ किलोची भरते.

हलक्या बॅटरीत शिशाऐवजी लिथियम-आयर्न-फॉस्फेट हे रसायन वापरलेले असते. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्यासह अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडास्वामी या भारतीय वंशाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये या पदार्थाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. लिथियम बॅटरीवरील कार्याबद्दल गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या रसायनाचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो. असे चार सेल जोडले, की १२.८ व्होल्ट होतात आणि मोटारीच्या प्रचलित विद्युतप्रणालीशी त्यांचा मेळ बसतो. एक किलो वजनात शिशाच्या बॅटरीच्या तुलनेत सुमारे तिप्पट ऊर्जा साठविता येते. लिथियमच्या इतर काही प्रकारांपेक्षा हे रसायन उष्णतेला अधिक टिकाऊही आहे.

पोर्शचा प्रयोग

जर्मनीच्या पोर्श कंपनीने २०१० पासून ९११ जीटी३ आणि बॉक्सस्टर स्पायडर या वेगवान मोटारींसाठी अशी बॅटरी पर्याय म्हणून देऊ केली. तिचे वजन सहा किलोपेक्षा कमी होते. नेहमीच्या ६० अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीच्या तुलनेत १० किलोहून अधिक बचत झाली. किंमत होती सुमारे १,९०० युरो.

या प्रयोगातील दोन तपशील महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की त्या बॅटरीची प्रत्यक्ष क्षमता केवळ १८ अँपिअर-अवर होती. दुसरा असा, की कडाक्याच्या थंडीत वापरण्यासाठी कंपनी ग्राहकाला सोबत शिशाची नेहमीची बॅटरीही देत असे. शर्यतीच्या मैदानावर सेकंदाच्या अंशासाठी झगडणाऱ्याला हा व्यवहार परवडतो. रोज कार्यालयात आणि महिन्यातून एकदा कोकणात जाणाऱ्या कुटुंबाची गरज वेगळी असते.

घाटाचा हिशेब

बॅटरी बदलल्याने मोटारीचे वजन १० किलोने घटले आणि महाडहून परतताना ती ६०० मीटर उंची चढली, असे समजू. १० किलो वजन एवढ्या उंचीवर नेण्यास सुमारे ५९ किलोज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ हजार किलोज्यूल ऊर्जा असते आणि त्यातील साधारण चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. म्हणजे संपूर्ण चढणीत वाचलेले पेट्रोल भरते सात मिलिलिटर, अवघा दीड चमचा!

वर्षभराचा हिशेबही फारसा उत्साहवर्धक नाही. मोटारीचे वजन १० टक्क्यांनी घटले, तर इंधनाची कार्यक्षमता सहा ते आठ टक्क्यांनी सुधारू शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे अनुमान आहे. ९०० किलोच्या मोटारीत १० किलो म्हणजे जेमतेम एक टक्का. लिटरला १८ किलोमीटर धावणारी मोटार वर्षाला १० हजार किलोमीटर चालली, तर वाचेल सुमारे चार लिटर पेट्रोल. लिटरला १०० रुपये धरले तरी ही बचत ४०० रुपयांची. लिथियम बॅटरीसाठी शिशाच्या बॅटरीच्या काही पट किंमत मोजावी लागते. तो जादा खर्च इंधनातून भरून निघण्यास मोटारीचे आयुष्यही अपुरे पडेल.

उतारावर ब्रेकवरील ताण कमी होईल, ही अपेक्षाही अशीच फोल आहे. प्रवाशांसह १,२०० किलो भरणाऱ्या मोटारीत १० किलोचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम ब्रेकचे रक्षण याहून कितीतरी अधिक करतो.

प्रश्न साठ्याचा

मोटारीच्या बॅटरीला दोन कामे असतात. सेल्फ मारताना काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअरचा प्रवाह देणे, हे पहिले काम. इंजिन बंद असताना दिवे, धोकादर्शक इंडिकेटर, वायपर यांना वीज पुरविणे, हे दुसरे. पहिले काम लिथियम बॅटरी उत्तम करते. तिच्या वेष्टनावर अनेकदा ‘६० अँपिअर-अवर समतुल्य’ असा उल्लेख आढळतो तो याच अर्थाने. इंजिन सुरू करण्याची ताकद ६० इतकी, साठा मात्र १८ ते २० इतकाच असू शकतो. वजनात जी मोठी घट दिसते, तिचे अर्धे रहस्य या कमी साठ्यात आहे.

शहरात ही उणीव जाणवत नाही. घाटात ती महागात पडू शकते. दरडी कोसळण्याच्या धोक्यामुळे अलीकडच्या काही पावसाळ्यांत वरंध घाट वाहतुकीसाठी बंद ठेवावा लागला आहे. अशा रस्त्यावर वाटेत अडकून इंजिन बंद करून थांबण्याची वेळ आली, तर धुक्यात दिवे चालू ठेवावेच लागतात. पुढचे हॅलोजन आणि मागचे दिवे मिळून सुमारे १० अँपिअर वीज खातात. या वेगाने १८ अँपिअर-अवरचा साठा दोन तासांच्या आत संपतो. ६० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर पाच-सहा तास तग धरते.

शिशाची बॅटरी उतरू लागली, की दिवे मंदावतात आणि चालक सावध होतो. लिथियम बॅटरीचा दाब मात्र अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो आणि मग आतील संरक्षक यंत्रणा जोडणी एकदम तोडते. त्यानंतर धक्का मारूनही मोटार सुरू होईलच, असे नाही.

अल्टरनेटरशी जुळते का?

इंजिन चालू असताना बॅटरी भारित करण्याचे काम अल्टरनेटर करतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीला १४.६ व्होल्टपेक्षा अधिक दाब सोसत नाही. शिवाय रिकामी झालेली अशी बॅटरी इतक्या वेगाने प्रवाह खेचते, की अल्टरनेटर तापतो. धावत्या मोटारीत संरक्षक यंत्रणेने अचानक जोडणी तोडल्यास विजेचा दाब उसळून महागडी इलेक्ट्रॉनिक उपकरणे निकामी होऊ शकतात. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या नव्या मोटारींत बॅटरीवर देखरेख ठेवणारा सेन्सर असतो. त्यालाही या बॅटरीची वागणूक अपरिचित असते. शून्य अंशाखाली ही बॅटरी भारित करणे अपायकारक असते. सह्याद्रीत ती भीती नाही. मात्र एप्रिल-मेमधील बॉनेटखालची उष्णता तिचे आयुष्य घटविते.

हलकेपणा कुठे शोभतो?

वजन कमी करणे व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. २००९ मध्ये बाजारात आलेली टाटा नॅनो सुमारे ६०० किलोची होती. एकच वायपर, प्रत्येक चाकाला तीनच नट, दोन सिलिंडरचे छोटे इंजिन अशा असंख्य लहान निर्णयांतून तिचा हलकेपणा साधला गेला. एखादा सुटा भाग बदलून असा परिणाम मिळत नाही.

विद्युत मोटारींत तर बॅटरीच सर्वांत जड भागांपैकी एक असते. पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत ३०.२ किलोवॉट-अवर क्षमतेची बॅटरी होती. अशा बॅटऱ्यांचे वजन काहीशे किलोंत मोजले जाते. तेथे प्रत्येक किलोमागे वाढणारी ऊर्जा थेट पल्ला वाढविते. शिशाच्या बॅटरीने एवढा साठा करायचा तर मोटारीत माणसांना जागाच उरणार नाही.

पेट्रोल किंवा डिझेल मोटारीच्या मालकाला १० किलो कमी करायचे असतील, तर त्याने आधी डिकी उघडून पाहावी. महिनोन्‌महिने पडून असलेले सामान आणि छतावरचा रिकामा कॅरियर उतरविण्यास काहीही खर्च येत नाही. स्टेपनी, जॅक आणि जंपर केबल मात्र घाटात जाताना काढू नयेत.

हलकी बॅटरी घ्यायचीच असेल, तर...

- ‘समतुल्य’ आकड्यावर न जाता प्रत्यक्ष अँपिअर-अवर किंवा वॉट-अवर क्षमता विचारावी.
- अल्टरनेटरचा दाब तपासून घ्यावा आणि बॅटरीत संरक्षक यंत्रणा असल्याची खात्री करावी.
- मोटारीची हमी शिल्लक असल्यास अधिकृत सेवा केंद्राचा लेखी सल्ला घ्यावा.
- नवी बॅटरी लहान असल्यास ती जागेवर घट्ट आवळण्याची सोय करावी. सैल बॅटरीचे टर्मिनल पत्र्याला लागल्यास आग लागू शकते.
- शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियम बॅटरीला परस्पर जोडू नये.
- जुनी बॅटरी भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे.