घरचा एक तास

जून उजाडला की दप्तर, गणवेश, वह्यांसाठी आपण उसनवारी करूनही पैसे उभे करतो. मात्र मुलाने घरी केव्हा आणि कुठे बसून अभ्यास करायचा, याचा विचार क्वचितच होतो. शाळेत घातले, आता गुरुजी बघतील, ही समजूत आपल्या समाजाला परवडणारी नाही.

साधा हिशेब मांडू या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरविले आहे. २०० दिवसच शाळा भरली, तर १६५ दिवस मूल घरीच! घरी रोज एक तास दिला, तर वर्षाचे ३६५ तास होतात. शाळेच्या जवळजवळ निम्मे. एवढ्यासाठी दुसरीतल्या पोराला शिकवणी लावून पैसे घालवायचे कशाला?

जागा नाही, ही अडचण खरी. परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजींपुढेही तीच होती. ते भीमरावांना संध्याकाळी लवकर झोपवीत आणि रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत. जागा मिळेना, म्हणून त्यांनी वेळ शोधली. लहानग्यांना रात्री दोनला उठवू नये, हे सांगायला नकोच. पण पाण्याची वेळ, कामाच्या पाळ्या आणि मालिका वगळून आपल्या घरातला शांत तास कोणता, हे आई-वडिलांनी ठरवून कागदावर लिहावे व भिंतीला चिकटवावे. त्या तासात टीव्ही आणि मोबाईल बंद, वडिलांचासुद्धा.

वीस मिनिटे मोठ्याने वाचन, वीस मिनिटे गणित, उरलेला वेळ लेखन. आईला अक्षरओळख नसली तरी बिघडत नाही. मूल कुठे अडखळते, हे कानाला कळते. धडा संपल्यावर "काय वाचलंस, सांग बघू," एवढे विचारावे. गणिताला वाण्याची यादी पुरते. पाव किलो तूरडाळीचे किती, शंभरातून परत किती, हे मुलानेच मांडावे.

आणि हा तास मुलीलाही तितकाच हवा. भाऊ पुस्तक घेऊन बसलेला आणि बहीण मोरीत भांडी घासते आहे, हे चित्र बाबासाहेबांची तसबीर लावलेल्या घरांतही दिसते. भांडी तासाभराने घासली तरी चालतात, तीही दोघांनी मिळून.

आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते, तेव्हा रोज एक परिच्छेद चौथी-पाचवीच्या मुलामुलींना वाचायला द्यावा. नावांची यादी आठवडाभर आधी फळ्यावर लावली, तर त्याची तयारी घरच्या तासात करता येईल.